तिन्हीसांजेला पडणारी लाईन

सुलोचनाबाईंच्या घरातलं इंटरनेट रोज संध्याकाळी आजारी पडायचं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत आपलं आपण बरं व्हायचं. सुलोचनाबाईंचं त्यावाचून काही अडत नव्हतं. अडायचं ते वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या कश्मिराचं. मूळची अमरावतीची ही मुलगी मोहालीतल्या एका कंपनीत होती, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायची, आणि तिचे साहेब बसले होते अमेरिकेत. त्यांची सकाळ उजाडायची तेव्हा इथं दिवेलागण झालेली असायची.

“काकू, आजपण गेलं यार!” ती जिन्यातूनच ओरडायची. “साहेब विचारतो, तुमच्या चंडीगडला वीज आलीय ना?”

“सांग त्याला, तुझ्या जन्माच्या आधीच आली.” हातातलं निरांजन वाऱ्याला आडोसा धरून तुळशीकडे नेत सुलोचनाबाई म्हणायच्या. “आणि दिवा लावायच्या वेळी असं ओरडू नये गं.”

“नोकरी गेली तर अमरावतीला जाऊन लग्न करावं लागेल मला.”

“मग तर जाऊच दे.”

सेक्टर तेहेतीसमधलं ते, इकडच्या जमिनीच्या मापानं दहा मरल्यांचं, घर कर्नल चंद्रकांत पाटणकरांनी निवृत्तीनंतर बांधलं. पुढे हातरुमालाएवढं अंगण, तिथे तुळस. सुलोचनाबाई मिरजेच्या. तिन्हीसांजेला पुढचं दार सताड उघडायचं, भिंतीतल्या हुकाला अडकवून ठेवायचं, दिवा लावायचा आणि अंधार पुरता पडेपर्यंत दार लोटायचं नाही, हे त्यांच्या आईनं शिकवलेलं. लक्ष्मी याच वेळेला येते आणि बंद दाराची कडी ती वाजवत नाही. लग्नानंतर जबलपूर, महू, तेजपूर, जिथं जिथं क्वार्टर मिळालं तिथं त्यांनी हे चालू ठेवलं. तेजपूरला शेजारची सरदारीण हसायची. म्हणायची, “भैणजी, लक्ष्मीचं माहीत नाही, पण तुमच्या घरी मच्छर मात्र रोज न चुकता येतात.” चंद्रकांतराव स्वतः देवाधर्माचे नव्हते, पण त्या अर्ध्या तासात ते टीव्ही लावायचे नाहीत, फोन घ्यायचे नाहीत. बूट घालून फिरायला बाहेर पडायचे. घरच्या बाईच्या श्रद्धेला त्यांनी दिलेला तो मान होता, आणि मच्छरांपासून सुटकाही.

कश्मिरानं तक्रार नोंदवली, आणि दुरुस्तीला आले सुखचैन सिंग. पन्नाशी उलटलेला माणूस, पिकलेली दाढी नीट बांधलेली, खांद्यावर अवजारांची जड पिशवी. तारुण्यात टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडायचे, आता काचेच्या जोडतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते तीनदा आले आणि तिन्ही वेळा सकाळीच आले. सकाळी सगळं झकास चालायचं.

“माताजी, लाईन तो एकदम ओके है,” ते म्हणायचे.

“अंकलजी, आप शाम को आइए ना,” कश्मिरा म्हणायची.

“बेटा, शाम को तो सारा शहर बुलाता है. मैं एक ही हूँ.”

एकदा त्यांनी इंटरनेटचा डबा बदलला, एकदा डब्यामागची छोटी तार बदलली, एकदा गच्चीवर जाऊन खांबापर्यंतची वायर बघून आले. संध्याकाळी लाईन पुन्हा पडली.

ती वायर घरात आली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. जानेवारीत चंद्रकांतरावांनी फायबरचं इंटरनेट घेतलं. बसवायला आलेल्या माणसानं दाराच्या वरून वायर आत घेतली, तिचा एक मोठा सैल वेटोळा कोपऱ्यात लोंबता सोडला आणि तो गेला. चंद्रकांतराव त्या वेटोळ्याकडे दोन दिवस बघत राहिले. सगळी नोकरी फौजेच्या सिग्नल्समध्ये, संदेशवहनात, गेलेला माणूस. बर्फात, वाळूत, नदीच्या पात्रात टेलिफोनच्या तारा टाकलेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेणाचा दोरा काढला, स्टूल मांडलं आणि एकोणऐंशीव्या वर्षी त्यावर चढले. सुलोचनाबाईंनी स्टूल धरलं आणि तोंडानं देवाचं नाव.

“अहो, त्या माणसाला परत बोलवू या की.”

“त्याला? त्यानं वायर लावली नाही, सुलू, टांगली. माझ्या हाताखाली असता तर पुन्हा पहिल्यापासून करायला लावली असती.”

सगळी दुपार ते काम चाललं. वेटोळा गेला. वायर दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेनं सरळ आली, बिजागरीच्या बाजूला कोपऱ्यात काटकोनात वळली, भिंतीला धरून खाली उतरली आणि पुन्हा काटकोनात वळून डब्याकडे गेली. दर चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ, आणि प्रत्येक गाठ दुसरीसारखी. खाली उतरून ते घामेजून उभे राहिले आणि म्हणाले, “वायर अशी लावावी की आहे हे कळूच नये.” खरोखरच कळत नव्हतं. दार उघडलं की तो कोपरा दारामागे झाकून जायचा.

पुढच्या महिन्यात, अठरा फेब्रुवारीला, ते गेले.

आता सौमित्रचं सांगायला हवं. सौमित्र त्यांचा एकुलता मुलगा, उशिरा झालेला. फौजेत एक रीत आहे. अफसराचा मुलगा अफसर झाला की तो बापाची रेजिमेंट मागून घेऊ शकतो. सौमित्रनं ती मागून घेतली. ज्या मेसमध्ये बापाचा फोटो लागला होता त्याच मेसमध्ये मुलगा जेवायला बसला. त्या दिवशी चंद्रकांतरावांनी घरी येऊन दोन वेळा तोंड धुतलं आणि डोळ्यांत साबण गेला असं सांगितलं. अकरा वर्षांनी सौमित्रनं मुदतीआधीच राजीनामा दिला आणि हैदराबादेतल्या कंपनीत गेला. त्याला पोस्टिंगांचा कंटाळा आला होता, बायकोची नोकरी दर दोन वर्षांनी सुटत होती. त्याची कारणं खोटी नव्हती. पण चंद्रकांतरावांना एकच दिसलं. त्यांनी हात धरून ज्या घरात नेलं, तिथून पोरगा ताटावरून उठून गेला. चार वर्षं बापलेक बोलले नाहीत. नात झाली, तिचं नाव इंद्रायणी ठेवलं, हेही त्यांना सुलोचनाबाईंकडून कळलं.

फेब्रुवारीत चंद्रकांतरावांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी फिरायला जाणं बंद केलं. पंधरा तारखेला सिग्नल कोअरचा दिवस असतो. त्या दुपारी सौमित्रचा आईला निरोप आला: आज बाबांशी बोलू का, संध्याकाळी सहाला, व्हिडिओवर. सुलोचनाबाईंनी भीत भीत विचारलं. चंद्रकांतराव बराच वेळ वर्तमानपत्राच्या आड राहिले आणि म्हणाले, “करू दे.” मग उठून त्यांनी दाढी केली आणि रेजिमेंटचा टाय शोधून काढला.

सहाला टॅबलेट वाजला. सुलोचनाबाई पहिली दहा-बारा मिनिटं जवळ बसल्या. बापलेक हवापाण्याचं बोलले. मग दोघांना मोकळेपणानं बोलू द्यावं म्हणून, आणि दिव्याची वेळ झाली म्हणूनही, त्या उठल्या. दार उघडून हुकाला लावलं, तुळशीपुढे दिवा लावला, हात जोडले. त्या दिवशी देवाकडे मागण्यासारखं काही उरलं नाही असं त्यांना वाटलं होतं.

परत येताना दारातच त्यांच्या कानावर चंद्रकांतरावांचा आवाज आला. फौजी नव्हता तो आवाज, मवाळ होता.

“ते सगळं राहू दे आता. मी म्हातारा झालो, तूही चाळिशीला आलास. रेजिमेंटला मी पुरेसा आहे, तिचं मी बघतो. तू घरी ये. पोरीला घेऊन ये. मी अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही.”

ते थांबले. उत्तराची वाट बघत राहिले. पडद्यावर सौमित्रचा चेहरा होता, तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटायच्या बेतात, आणि तो हलत नव्हता. मग तो चेहराही गेला. चंद्रकांतरावांनी टॅबलेट उलटा करून पाहिला आणि मांडीवर ठेवला.

“ठेवला त्यानं,” ते म्हणाले. “मी काय म्हणतो ते ऐकायलाही थांबला नाही.”

“परत करू का मी?”

“नाही.” त्यांनी टाय सोडला. “आपण गेलो होतो ना त्याच्यापर्यंत? बास.”

तो टॅबलेट वायफायवर चालायचा. पाऊण तासानं तो आपोआप पुन्हा जोडला गेला असेल, पण तोवर सुलोचनाबाईंनी त्याला कपाटात टाकलं होतं. सौमित्रचा फोन आला नाही. सतराच्या रात्री चंद्रकांतरावांना चंडीमंदिरच्या लष्करी हॉस्पिटलात नेलं आणि अठराला पहाटे सगळं संपलं.

सौमित्र आला. अग्नी दिला, तेरा दिवस राहिला. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर स्वयंपाकघरात सुलोचनाबाईंनी त्याला विचारलं, “का ठेवलास फोन?” तो म्हणाला, “मी ठेवला नाही, आई. बाबांनी ठेवला.” त्यानं त्यांच्या पायाला हात लावून शपथ घेतली. सुलोचनाबाईंनी पाय मागे घेतले. “गेलेल्या माणसावर ढकलतोस?” त्या म्हणाल्या. तो दुसऱ्या दिवशीच्या विमानानं गेला. त्यानंतर महिन्यातून दोनदा त्याचा निरोप यायचा, औषधं घेतेस ना. त्या लिहायच्या, हो.

चौथ्या वेळी सुखचैन सिंग ऑगस्टमधल्या एका सकाळी अकरा वाजता आले. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं आणि कश्मिरालाही खाली बोलवा म्हणाले. त्यांचा चेहरा आज वेगळाच खुललेला होता.

“बेटा, तूने ऑफिस में ऐसा झगड़ा किया कि उन्होंने पूरी हिस्ट्री निकाल के दे दी,” ते म्हणाले. “जनवरी से आज तक. लाईन कब गिरी, कब उठी.”

त्यांनी मोबाइल पुढे केला. रांगेनं तारखा आणि त्यांच्यासमोर वेळा. ते बोटानं खाली सरकवत हिंदी-पंजाबी मिसळून समजावत गेले. लाईन रोज एकदाच पडते. अर्धा-पाऊण तास पडते. पण वेळ बघा. जानेवारीत पावणेसहा. मार्चमध्ये साडेसहा. जूनमध्ये साडेसात. आता ऑगस्टमध्ये पुन्हा मागे यायला लागली, सातच्या आसपास.

“तीस साल हो गए मुझे,” ते म्हणाले. “उंदरानं कुरतडलेली लाईन बघितली, पतंगाच्या मांजानं कापलेली बघितली. ये पहली देखी जो सूरज देख के गिरती है.”

“अंकलजी, भूत आहे का?” कश्मिरा हसली. “काकू, तुमच्या घरात टाईमटेबलवालं भूत आहे!”

सुलोचनाबाईही हसल्या. चहा टाकायला उठल्या.

“एक ही बार छुट्टी ली है इसने,” सुखचैन सिंग मागून म्हणाले. “ये देखो. अठारा फरवरी से दो मार्च. तेरह दिन एक बार भी नहीं गिरी.”

सुलोचनाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबल्या.

अठरा फेब्रुवारी ते दोन मार्च घरात सुतक होतं. त्या तेरा दिवसांत त्यांनी तुळशीपुढे दिवा लावला नव्हता. दार हुकाला लावलं नव्हतं. लोक येत होते, जात होते, दार लोटलेलंच असायचं. तीन मार्चला, घरात एकट्या उरल्यावर, त्यांनी पुन्हा दिवा लावला होता.

“भाईसाब,” त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. “पंद्रह फरवरी देखिए.”

“पंद्रह...” त्यांनी बोट सरकवलं. “छह बज के चौदह मिनट पे गिरी. छह बावन पे आई. क्यों जी, कुछ खास था उस दिन?”

 सुलोचनाबाई पुढच्या दारापाशी गेल्या, ते सताड उघडलं आणि पार मागे नेऊन हुकाला अडकवलं. सकाळी अकरा वाजता ते दार त्यांनी आजवर कधी असं अडकवलं नसेल. डब्यावरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि लाल झाला.

“अय्या! गेलं!” हातातल्या फोनकडे बघत कश्मिरा ओरडली. “काकू, सापडलं! तुमचं दार!”

सुखचैन सिंग गुडघ्यांवर बसले, डोकं दारामागे घातलं आणि हळूच शीळ घातली. मग पिशवीतून पेनासारखं काहीतरी काढून त्यांनी ते वायरीच्या टोकाला जोडलं आणि कश्मिराला पडदे ओढायला सांगितले. खोली जमेल तेवढी अंधारली, आणि उघड्या दारामागच्या काळोख्या कोपऱ्यात, खालच्या काटकोनापाशी, वायरीच्या पांढऱ्या सालीतून तांबडा उजेड बाहेर झिरपताना दिसला. बाकी वायरीवर कुठेच उजेड नव्हता. तेवढीच एक जागा निखाऱ्यासारखी.

“आत केसाएवढी काच असते, माताजी. त्या काचेतून उजेड पळतो,” ते समजावू लागले. “तांब्याच्या तारेला कितीही मुरडा, ती वाहते. काचेला गोल वळण लागतं, मोठं, सैल. इथं आधीच काटकोन आहे, त्यात दाराची कड येऊन दाबते. मग उजेड पुढे जात नाही, इथूनच गळतो.” त्यांनी बोटानं एक गाठ चाचपली. “पण ही बांधणी बघा! आमच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये उस्ताद अशी बांधायचे. किसने किया ये?”

“मेरे हजबंड ने. कर्नल थे. सिग्नल्स में.”

“तभी तो.” त्यांनी त्या गाठीवरून पुन्हा बोट फिरवलं. “काम सवा लाख का है जी. सिर्फ तार दूसरी थी.”

कश्मिराला काहीतरी कळलं असावं. तिनं सुलोचनाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. “काकू, बसा ना तुम्ही. चहा मी करते.”

“हे कापावं लागेल,” सुखचैन सिंग अवघडून म्हणाले. “गाठी सोडवता येणार नाहीत, मेण धरून बसलंय. कर्नलसाबांचं काम आहे, तुम्ही सांगाल तर वरचा भाग ठेवतो, खालचंच...”

“काट दीजिए,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “पूरा.”

कात्रीचा आवाज होत राहिला. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे फरशीवर पडत गेले. त्यांनी वायर कोपऱ्यातून सोडवली, दारापासून दूर दुसऱ्या भिंतीवरून नेली आणि तिथं एक मोठा सैल वेटोळा सोडला. अगदी तसाच, जो बघून चंद्रकांतराव दोन दिवस अस्वस्थ झाले होते. मग दार पाच वेळा उघडून मिटून दाखवलं. दिवा हिरवाच राहिला.

ते गेले. कश्मिराची मीटिंग होती, पण ती जिन्यात घुटमळत होती. “काकू, मी थांबू का?”

“नको गं. जा तू. आता चालेल तुझं नीट.”

चहाचा कप तसाच ठेवून सुलोचनाबाई पलंगावर बसल्या आणि त्यांनी सौमित्रला फोन लावला. साधाच. सहा महिन्यांत त्यांनी आपणहून लावलेला पहिला. त्यानं लगेच उचलला.

“आई? काय झालं? बरी आहेस ना?”

“बरी आहे. कामात आहेस का?”

“आहे. बोल.”

मनात जुळवलेलं काहीच जिभेवर येईना. “तू फोन ठेवला नव्हतास,” त्या म्हणाल्या.

तिकडे कुणीतरी मोठ्यानं हसलं, ऑफिसातलं. मग दार लागल्याचा आवाज आला आणि तो गलका बंद झाला.

“पंधरा तारखेचा,” त्या म्हणाल्या. “लाईन गेली होती. सहा वाजून चौदा मिनिटांनी. आज दुरुस्तीचा माणूस आला होता, त्याच्या मोबाइलवर सगळ्या वेळा आहेत. बाबांनी वायर कोपऱ्यात दाबून बांधली होती आणि मी दिव्याच्या वेळी दार उघडलं. दारामागे ती चेपली. मी उघडलं रे, सौमित्र. तुम्ही बोलत होतात आणि मी दार उघडलं.”

“मी सांगितलं होतं तुला,” तो म्हणाला.

“हो.”

“तुझ्या पायाला हात लावून सांगितलं होतं.”

“हो रे.”

“तेव्हा पटलं नाही. आज त्या माणसाच्या मोबाइलवर दिसलं, तेव्हा पटलं.”

 सुलोचनाबाईंनी चादरीची कड मुठीत धरली.

“म्हणजे बाबांनीही ठेवला नव्हता,” तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खाली गेला. “मी त्यांना म्हणत होतो, बाबा, मी नोकरी सोडली, तुम्हाला नाही सोडलं. एवढं म्हणतोय तोवर सगळं काळं झालं. मला वाटलं, त्यांना ऐकायचंच नाहीय. मी अर्धा तास फोन हातात धरून बसलो होतो. म्हटलं, लावला आणि त्यांनी पुन्हा तोडला तर? लाईन गेल्यावर ते म्हणाले तरी काय होते, आई? शिव्याच देत होते का मला?”

इथं त्यांना थांबता आलं असतं. इतके दिवस थांबल्याच होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुझं चित्र थांबलंय हे त्यांना कळलं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलत होते.” आणि त्यांनी ते वाक्य न् वाक्य सांगितलं. म्हातारा झालो ते, रेजिमेंटचं मी बघतो ते, घरी ये ते. पोरीला मांडीवर घ्यायचं राहिलंय, तेही त्यांनी वगळलं नाही.



“हे तू ऐकलं होतंस?”

“दारातच उभी होते.”

“मी तेरा दिवस तिथं होतो, आई.”

“हो.”

“त्यांची राख आणायला गेलो तेव्हा तू माझ्या शेजारी गाडीत बसली होतीस.”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

घर माणसांनी भरलं होतं, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं म्हणता आलं असतं. त्यानं ते मानूनही घेतलं असतं. सुलोचनाबाई शहात्तर वर्षांच्या होत्या, आणि पुन्हा एकदा या मुलाशी खोटं वागायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

“तू ते ऐकायच्या लायकीचा नाहीस, असं वाटलं मला,” त्या म्हणाल्या. “त्यांनी बोलावलं आणि तू पाठ फिरवलीस, असं मी धरून चालले होते. म्हटलं, याला कळूच द्यायचं नाही की त्यांनी बोलावलं होतं. शिक्षा म्हणून.”

 वरच्या मजल्यावरून कश्मिराचा आवाज येत होता, इंग्रजीत कुणाला काही समजावत असलेला, सलग, मध्ये कुठेही न तुटणारा.

“इंदू रोज विचारते,” शेवटी तो म्हणाला. “फोटोतले आजोबा कुणाचे म्हणून. मी तिला सांगितलं होतं, त्यांना आपल्याशी बोलायचं नव्हतं. तीन वर्षांच्या पोरीला मी हे सांगितलं, आई.”

“सौमित्र—”

“आणि ते गेले तेही असंच समजून. की मी ठेवला.”

“हो,” त्या म्हणाल्या. कारण ते तसंच होतं, आणि आता ते कुणालाच दुरुस्त करता येणार नव्हतं.

“मला आता नाही बोलता येत.”

“संध्याकाळी करशील? की मी येऊ तिकडे? मी येते हैदराबादला. विमानानं येते, एकटी येते, मला काही भीती नाही—”

उत्तर आलं नाही. सुलोचनाबाईंनी फोन कानापासून दूर करून पाहिला. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. फोन त्यानंच ठेवला होता, आणि हे समजायला त्यांना दुसऱ्या कुणाचा मोबाइल बघावा लागला नाही.